तुमच्या पत्रात रुपये आहेत, मिलिमीटर नाहीत

गेल्या अंकात इम्प्लांटबद्दल, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायच्या दाताच्या कृत्रिम मुळाबद्दल लिहिताना ओघात एक ओळ लिहून गेले होते : वरच्या मागच्या दाढांसाठी कधी कधी सायनस लिफ्ट (दाढांवरच्या हवेच्या पोकळीचा तळ उचलून खाली हाडाला जागा करणं) करावी लागते, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी. वाचकांनी ते 'पुन्हा केव्हातरी' फार लांबू दिलं नाही. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, ठिकाणं ठेवली आहेत.

*

डॉक्टर, स. न. वि. वि.
मी ६१ वर्षांचा, बेस्टमधून निवृत्त, राहणार लालबाग. वरच्या उजव्या दोन दाढा ११ वर्षांपूर्वी काढल्या. ड्युटीच्या वेळा अशा की दात बसवायचं राहूनच गेलं. आता दोन ठिकाणी दाखवलं. एक म्हणाले, सायनस खाली उतरलाय, बाजूने खिडकी पाडून हाड भरायचं आणि मग सात-आठ महिन्यांनी इम्प्लांट. दुसरे म्हणाले, खिडकीबिडकी काही नको, खालूनच ठोकून वर उचलू, इम्प्लांट त्याच बैठकीत. पहिल्यांचा आकडा दुसऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. आमची मंडळी म्हणते, नाकाच्या पोकळीत हात घालायचाच कशाला? कोणाचं खरं मानू?

काका, दोघांचंही खरं असू शकतं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वर्षं आहेत, दोन्हीकडचे खर्चाचे आकडे आहेत, मंडळींचं मत आहे. नाही तो एकच आकडा, आणि सगळं त्याच्यावर अडलंय : त्या जागी उभं हाड किती मिलिमीटर उरलंय?

आधी मंडळींच्या शंकेचं बघू. डोळ्याच्या खाली, गालाच्या आत, वरच्या दाढांच्या मुळांच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना एकेक हवेची पोकळी असते. मोठ्या माणसात तिच्यात साधारण तीन चहाचे चमचे पाणी मावेल. हा मॅक्सिलरी सायनस. सर्दी मुरली की वरच्या दाढा ठणकतात त्या या शेजारामुळेच. नॅथॅनिएल हायमोर नावाच्या इंग्रज वैद्याने १६५१ साली या पोकळीचं सविस्तर वर्णन केलं. त्याने एका बाईची हकिकत लिहिली आहे. वरचा दात काढल्यावर तिने त्या भोकात पिसाची दांडी सारली, ती आत जातच राहिली आणि आता ही मेंदूत पोचली म्हणून बाई हादरली. म्हणजे मंडळींची भीती पावणेचारशे वर्षं जुनी आहे, तिला हसू नका.

दाढ जागेवर असते तोवर चावण्याचा भार हाडापर्यंत पोचतो आणि हाड टिकून राहतं. दाढ गेली की खालून हाड झिजतं आणि वरून सायनस हळूहळू खाली फुगत येतो. लालबागला राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. चाळीत एखादी खोली रिकामी राहिली की शेजाऱ्याचे डबे, सायकल, पाण्याचं पिंप कधी तिथे सरकतात ते कळतसुद्धा नाही. अकरा वर्षांत तुमच्याकडे तेच झालंय. चूक ना तुमची, ना दाढ काढणाऱ्याची.

आता मिलिमीटर. नेहमीचा इम्प्लांट दहा मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. तेवढं हाड असेल तर सायनसला हात लावायचं कारण नाही. आठ असेल तरी आखूड इम्प्लांटवर बऱ्याचदा भागतं. पाच ते आठच्या दरम्यान असेल, तर तुमचे दुसरे डॉक्टर म्हणतात ती पद्धत करता येते. सायनसच्या तळाच्या जेमतेम अलीकडेपर्यंत छिद्र घ्यायचं आणि बोथट हत्याराने हलके ठोके देत तळाचा तेवढाच पापुद्रा अस्तरासकट दोन-चार मिलिमीटर वर ढकलायचा. समर्स यांनी १९९४ साली ही रीत मांडली. हल्ली ठोकण्याऐवजी ड्रिलचं खास टोक किंवा पाण्याचा दाबही वापरतात, आणि ते बरंच आहे, कारण ठोक्यांनंतर काही जणांना कूस बदलताना चक्कर येते.

हाड चारपाचाच्या खाली गेलं असेल तर खिडकी. ही पद्धत हिल्ट टेटम या अमेरिकी दंतवैद्याने १९७६ साली अलाबामात मांडली आणि १९८० मध्ये बॉइन व जेम्स यांनी ती छापून आणली, म्हणजे ही काही कालची टूम नव्हे. वरची हिरडी बाजूला सारायची, तिच्यामागच्या पातळ हाडात नखाएवढी खिडकी करायची, आतलं अस्तर अलगद सोडवून वर उचलायचं आणि खाली जी जागा झाली तिच्यात हाडाची भर घालून टाके घालायचे. सतरंजीची कड उचलून खाली माती भरावी तसं. मंडळींना सांगा, सतरंजी कापत नाहीत. हात तिच्या खालीच राहतो, पोकळीत जात नाही.

ते अस्तर किती पातळ असतं? एक मिलिमीटरपेक्षाही कमी. ते सोडवायची सवय व्हावी म्हणून आम्ही डॉक्टर कच्च्या अंड्यांवर सराव करतो. वरचं टरफल घासून खिडकी करायची आणि आतला पापुद्रा न फाटता टरफलापासून सुटा करायचा. आमच्या घरी आईच्या हयातीत अंडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, म्हणून मी दवाखाना बंद झाल्यावर तिथेच बसत असे. पहिल्या डझनातली नऊ फुटली. कंपाउंडरने आठवडाभर बुर्जी खाल्ली.

माणसातही ते फाटतं. या शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त होणारी अडचण तीच, खिडकीच्या पद्धतीत ढोबळमानाने पाचांत एकाला. लहान चीर असेल तर विरघळणारा पडदा लावून काम पुढे नेता येतं. मोठी असेल तर मुकाट्याने टाके घालून काही महिन्यांनी परत यावं लागतं. तुमच्या दोन्ही डॉक्टरांना विचारा, 'फाटलं तर काय करता?' जो म्हणेल 'माझ्याकडे फाटत नाही', त्याने एक तर फार थोड्या केल्या आहेत किंवा तो तुम्हाला पूर्ण सांगत नाहीये.

तेव्हा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन काढा. ओपीजीवर, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या नेहमीच्या एक्स-रेवर अंदाज येतो, पण तो सपाट फोटो. स्कॅनमध्ये हाडाची उंची आणि रुंदी दोन्ही मोजता येतात. सायनसच्या मधोमध हाडाची आडवी भिंत आहे का (बऱ्याच जणांना असते), खिडकीच्या वाटेत रक्तवाहिनी कुठून जाते, अस्तर सुजलेलं आहे का आणि सायनसचं नाकात उघडणारं भोक मोकळं आहे का, हेही दिसतं. हे भोक तळाला नसून वर असतं, आतला चिकट स्राव बारीक केसांच्या जोरावर वर चढवून नाकात सोडला जातो. ते तुंबलेलं असताना खाली भर घातली तर पू व्हायला आपणच आमंत्रण दिलं. तसं दिसलं तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग मी.

स्कॅनवर लिहून येईल : अमुक जागी इतके मिलिमीटर. समजा सहा आले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. तीन आले, तर पहिल्यांचा आकडा महाग नाही, तो वेगळ्या कामाचा आहे. आणि तीनवर कोणी 'त्याच बैठकीत ठोकून देतो' म्हणालं, तर त्या खुर्चीतून उठा.

*

मुलुंडहून एक माळकरी वाचक लिहितात : सायनस लिफ्टमध्ये जी हाडाची पूड भरतात ती कशाची असते? आम्हाला कोणी सांगत नाही. विचारलं तर 'आयात केलेली, उत्तम क्वालिटी' एवढंच उत्तर मिळतं.

माऊली, तुमचा प्रश्न मला बोचला, कारण हे न सांगणाऱ्यांत मी होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका माळकरी गृहस्थांची लिफ्ट केली. उत्तम झाली. टाके काढायला आले तेव्हा त्यांनी सहज विचारलं आणि मी तितक्याच सहज सांगितलं. ते काही बोलले नाहीत. गळ्यातल्या माळेला हात लावून बसून राहिले. पैसे चुकते केले आणि पुन्हा आले नाहीत. त्यांचा इम्प्लांट पुढे कोणी बसवला, मला माहीत नाही.

तर उत्तर. जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या भरींपैकी एक गाईबैलांच्या हाडापासून बनते. उष्णता आणि रसायनांनी त्यातला सगळा जैव भाग काढून टाकतात, उरतो तो खनिजांचा सच्छिद्र सांगाडा. त्याच्या आधाराने तुमचं स्वतःचं हाड वाढतं. वरून लावायचा कोलॅजनचा पडदाही बहुधा डुकराच्या किंवा गोवंशाच्या कातडीचा वा स्नायुबंधाचा असतो, हे अनेक डॉक्टरांच्याही ध्यानात नसतं. वैद्यकीयदृष्ट्या हे सगळं सुरक्षित आहे. पण सुरक्षित असणं आणि तुम्हाला चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा निर्णय माझा नाही.

पर्याय आहेत. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिअॅपेटाइट यांची कारखान्यात बनवलेली भर मिळते, तिच्यात प्राण्याचं काही नसतं. स्वतःचं हाड हनुवटीतून किंवा खालच्या अक्कलदाढेमागून खरवडून घेता येतं. ते उत्तमच, फक्त दुखायला दोन जागा होतात आणि एकटं भरलं तर पुढे थोडं झिजतं. पडद्याऐवजी तुमच्याच हाताच्या शिरेतलं रक्त यंत्रात फिरवून त्याची साय वापरता येते. आम्ही तिला पीआरएफ म्हणतो. इम्प्लांट त्याच बैठकीत बसणार असेल, तर निवडक रुग्णांत काहीच न भरता, नुसतं अस्तर इम्प्लांटच्या टोकावर तंबूसारखं तोलून धरलं आणि खाली रक्त साकळलं तरी हाड धरतं.

तारीख घ्यायच्या आधी म्हणा, 'खोक्यावरचं नाव दाखवा आणि ते कशापासून केलंय ते लिहून द्या.' त्या गृहस्थांनंतर माझ्या केसपेपरवर मधुमेह आणि रक्तदाबाच्या खाली 'कशाची भर चालेल?' हा प्रश्न छापलेला आहे.

*

गोरेगावहून एक ताई : माझी लिफ्ट पुढच्या आठवड्यात आहे. मी रोज कपालभाती करते, सकाळी जलनेती. गणपतीत आमच्या इमारतीत आरतीला शंख मीच वाजवते. काय बंद करू आणि किती दिवस?

तिन्ही बंद, ताई. नुकतंच उचललेलं अस्तर आहे. नाकात जोराचा दाब आला की ते फडफडतं, फाटतं आणि भरलेले कण सायनसमध्ये निसटतात. कपालभाती म्हणजे मिनिटाला कितीतरी वेळा तोच दाब. किमान तीन आठवडे नाही, आणि नंतरही तुमच्या डॉक्टरांनी टाके पाहून हो म्हटल्यावर. अनुलोम-विलोम संथ, आवाज न करता, पहिल्या आठवड्यानंतर चालेल असं माझं मत. जलनेती महिनाभर नको. शंख या वर्षी शेजारच्यांना द्या. नाहीतरी दर वर्षी तुम्हीच का?

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, नुसतं पुसायचं. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून मोकळी येऊ द्यायची, लोकलमध्ये असलात तर रुमाल आडवा धरून. शहाळं प्या, पण स्ट्रॉने नाही. शहाळेवाल्याला ग्लासात ओतून द्यायला सांगा, ओढण्यानेही उलटा दाब येतो. दोन आठवडे विमान टाळा. पहिले काही दिवस दोन उशा घेऊन झोपा. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा. गाल सुजेल, डोळ्याखाली निळसर होईल, एखाद-दोन दिवस नाकातून रक्ताचा ठिपका दिसेल. यात काही विशेष नाही. पण नाकातून वाळूसारखे कण आले, चूळ भरताना पाणी नाकात आलं, किंवा त्याच बाजूने घाण वास आणि पू यायला लागला, तर रविवार असला तरी फोन करा.

आणि पुढच्या आठवड्यात सर्दी झाली तर तारीख पुढे ढकला. पावसाळ्यात माझ्याकडच्या अशा कितीतरी तारखा ढकलाव्या लागतात आणि प्रत्येक जण म्हणतो, 'साधी सर्दी तर आहे.'

*

ठाकुरद्वारहून एक चिरंजीव : आई ७४ वर्षांची. मधुमेह आहे. हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन देतात. वरच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा नाहीत. तिला दोन्हीकडे लिफ्ट आणि इम्प्लांट करून द्यायची इच्छा आहे, खर्चाचं बघू नका.

खर्चाचं मी बघतच नाहीये. ते इंजेक्शन बहुधा झोलेड्रॉनिक अॅसिडचं असेल. या गटातल्या औषधांवर असताना जबड्याच्या हाडाला जखम केली तर ती क्वचित भरूनच येत नाही, हाड उघडं पडून मरतं. ते क्वचित असलं तरी झालं की वर्षानुवर्षं छळतं. इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक टाकासुद्धा नको, आणि इंजेक्शन आपल्या मनाने बंद तर मुळीच नको.

दुसरं, आईला विचारलंत का? काय्सर नावाच्या डच दंतवैद्याने १९८१ मध्ये दाखवून दिलं की पुढचे दात आणि उपदाढा वर-खाली नीट भेटत असतील तर शेवटच्या दाढांवाचून बऱ्याच माणसांचं उत्तम चालतं. आई भाकरी आमटीत कुस्करून खात असतील आणि त्यात त्या सुखी असतील, तर हा खटाटोप करायला कोणी सांगितलंय? चावायला खरंच त्रास होत असेल तर काढता-घालता येणारी छोटी कवळी करा. तुम्ही 'दोन्हीकडे' लिहिलंय, पण दाढा डाव्या बाजूच्याच नाहीत ना? मग उजवीकडे काय करायचं ठरलंय, हे मला समजलेलं नाही.

*

अंधेरीहून : मेडिक्लेममध्ये बसतं का? सरकारी इस्पितळात होतं का? आणि 'तीन दिवसांत पक्के दात' ही जाहिरात खरी का?

बहुतेक साध्या पॉलिसींत अपघात सोडून दातांचे उपचार वगळलेले असतात. तरी तुमची पॉलिसी वाचा. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय महापालिकेचं आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं दंत महाविद्यालय सरकारी. दोन्हीकडे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. तिथे जाऊन विचारा, इम्प्लांटचं साहित्य कोणी आणायचं हेही आधीच विचारा. वेळ जास्त लागेल. सायनस लिफ्टला तसाही लागतोच.

तीन दिवसांची पद्धत थापच असते असं नाही. सायनसला वळसा घालून तिरपे इम्प्लांट बसवतात, किंवा लांब इम्प्लांट थेट गालाच्या हाडात रोवतात आणि वर लगेच दात जोडतात. वरचे सगळेच दात गेलेल्या काही रुग्णांसाठी ते चांगलं आहे. एक-दोन दाढांसाठी एवढा उद्योग म्हणजे नळ गळतो म्हणून टाकी बदलण्यासारखं.

*

शेवटचं पत्र माहीमचं, एका ओळीचं : तुम्ही स्वतःवर करून घेतली असती का?

घेतली आहे. वरची डावी पहिली दाढ. तिची रूट कॅनाल मैत्रिणीने केली होती आणि 'कॅप पुढच्या आठवड्यात' म्हणत मी दोन वर्षं काढली. रुग्णांना मी याच गोष्टीवरून ओरडते. एका दिवाळीत चकली चावताना दाढ मधोमध उभी चिरली. काढली. मग सहा-सात वर्षं नुसतीच जागा. स्कॅन केला तेव्हा हाड निघालं चार मिलिमीटर. चारला कुशल हाताने इम्प्लांट त्याच बैठकीत बसू शकतो, पण माझं हाड थर्माकोलसारखं मऊ होतं, म्हणून खिडकी आधी, इम्प्लांट नंतर असं ठरलं. भर मी कारखान्यातली घेतली. आई तेव्हा नव्हती, तरीही.

दुखलं नाही, भूल चांगली होती. पण आवाज! बाहेरच्याला ऐकू येत नाही, आपल्याला मात्र कवटीच्या आत कोणी खलबत्त्यात कुटतंय असं वाटतं. मी ते शेकडो लोकांना ऐकवलं होतं आणि एकालाही आधी सांगितलं नव्हतं. आता सांगते. चार दिवस गाल टम्म, पाचव्या दिवशी दवाखाना. आठ महिन्यांनी इम्प्लांट, पुढे चार महिन्यांनी कॅप.

कॅपच्या मापाच्या दिवशी माझं काम करणाऱ्या वर्गमित्राने आरसा धरला आणि विचारलं, 'खालचं पाहिलंस का?' समोर दाढ नसल्यामुळे एवढ्या वर्षांत माझी खालची दाढ दोन मिलिमीटर वर चढून आली होती. नव्या कॅपला जागाच नव्हती. ती घासावी लागली, घासल्यावर ठणकायला लागली, तिची रूट कॅनाल झाली, आणि तिच्यावरही कॅप. हा खर्च मला कोणी आधी सांगितला नव्हता, आणि सांगणार कोण? दंतवैद्य तर मीच.